संशोधन आपल्या पैशाचं, कुलूप कुणाचं?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात करू वरुडमधल्या एका संत्र्याच्या बागेपासून.

मागच्या पावसाळ्यात मामाचा फोन आला. बागेत डिंक्या पसरला होता, खोडांतून डिंक गळत होता. म्हणाला, "तू दिवसभर कम्प्युटरसमोर बसतोस, यावर काही नवीन निघालं का ते पाहून सांग ना बाप्पा." मी शोधलं आणि नेमका हवा तो शोधनिबंध सापडला. संशोधक सरकारी संस्थेतले, प्रयोग विदर्भातल्याच बागांत केलेले, निधी सरकारी खात्याचा. फक्त तो छापला होता परदेशी नियतकालिकात आणि वाचायला पस्तीस डॉलर मागत होते. म्हणजे जवळपास तीन हजार रुपये.

आता हा पैसा कसा फिरतो ते बघा. शास्त्रज्ञाचा पगार सरकार देतं, प्रयोगशाळाही सरकारची. निबंध लिहिण्याचे त्याला प्रकाशकाकडून पैसे मिळत नाहीत. निबंध तपासणारे दुसरे शास्त्रज्ञही बहुतेक वेळा फुकटच तपासतात. मग हक्क प्रकाशकाच्या नावावर होतात आणि सरकारी ग्रंथालय तोच निबंध वर्गणी भरून परत घेतं. मामासारखा माणूस तर या हिशोबात कुठेच नाही.

हे असंच असायला हवं असं कुणी ठरवलं नव्हतं. 1934 साली सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूला इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस काढली आणि त्याच वर्षी तिचं 'प्रोसीडिंग्ज' सुरू झालं. आपलं काम आपल्या देशात छापलं जावं, हा त्यांचा आग्रह होता. पण पुढे नेमणूक, बढती, नावलौकिक हे सगळं परदेशी नियतकालिकांशी जोडलं गेलं आणि चांगले निबंध तिकडे जात राहिले.

मग इंटरनेट आलं. कागद, छपाई, टपाल हा खर्च एकदम उतरला. 2002 मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्यातून 'ओपन ॲक्सेस' हा शब्द रूढ झाला, म्हणजे शोधनिबंध कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता यावा. त्याच वर्षी बंगळुरूच्या आयआयएस्सीने स्वतःच्या निबंधांची खुली रिपॉझिटरी सुरू केली. 2006 मध्ये राउरकेलाच्या एनआयटीने निबंध असे जमा करणं आपल्या लोकांना बंधनकारकच केलं.

इथे मुंबईची गोष्ट सांगायलाच हवी. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' 1955 पासून निघतं. ते इंटरनेटवर खुलं झालं. 1997 मध्ये डॉ. डी. के. साहू या बालरोगतज्ज्ञांनी मुंबईत मेडनो नावाची प्रकाशन संस्था काढली आणि एकामागून एक भारतीय वैद्यकीय नियतकालिकं ऑनलाइन आणली. बहुतेकांत वाचकाकडून पैसे नाहीत, लेखकाकडूनही नाहीत, खर्च निघे तो मुख्यतः छापील अंकाच्या वर्गणीवर आणि जाहिरातींवर. 2011 मध्ये मेडनो एका मोठ्या परदेशी प्रकाशकाने विकत घेतली. पण हे मॉडेल इथे चालतं, हे तोवर सिद्ध झालं होतं.

आता धोरणाकडे येऊ. अमेरिकेत एनआयएच या वैद्यकीय संशोधन संस्थेने 2005 मध्ये शास्त्रज्ञांना विनंती केली की निबंध सार्वजनिक भांडारात ठेवा. सुरुवातीला शंभरातल्या पाचांनीही ठेवले नाहीत. मग संसदेने कायदा केला आणि 2008 पासून ते सक्तीचं झालं. तेव्हा कुठे निबंध येऊ लागले.

आपल्याकडे डिसेंबर 2014 मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मिळून धोरण आणलं. आमच्या निधीतून झालेल्या निबंधाची लेखकाकडची अंतिम प्रत रिपॉझिटरीत ठेवा, प्रकाशकाला फार तर काही महिन्यांची मुदत द्या. निबंध खुला करण्यासाठी प्रकाशक जे शुल्क मागतात, ते मात्र आम्ही भरणार नाही. माझ्या मते हे धोरण फार शहाणं होतं. पण पाठपुरावा ढिला राहिला आणि पुष्कळ निबंध रिपॉझिटरीत पोचलेच नाहीत.

2020 च्या अखेरीस नव्या विज्ञान धोरणाचा मसुदा आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, सरकारी पैशातला प्रत्येक निबंध स्वीकारला गेला की लगेच खुल्या भांडारात. दोन, 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन', म्हणजे सरकार एकदाच पैसे भरेल आणि प्रत्येक भारतीयाला सगळी नियतकालिकं वाचता येतील. 'प्रत्येक भारतीय' हे शब्द नीट लक्षात ठेवा.

25 नोव्हेंबर 2024 ला मंत्रिमंडळाने त्यातली दुसरी गोष्ट मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं. लाभ 6,300 हून जास्त सरकारी संस्थांतल्या सुमारे 1.8 कोटी लोकांना. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपये.

हे वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. लहान गावातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला आता आयआयटीतल्या मुलाइतकंच वाचता येईल, ही मोठी गोष्ट आहे. मी खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो, तिथे आम्हाला नुसत्या सारांशावर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहावे लागायचे.

पण 'प्रत्येक भारतीय' गळाला. सरकारी संस्थेचं लॉगिन हवं. तालुक्यातला खाजगी डॉक्टर, पत्रकार, शेतकरी, मी, सगळे बाहेर. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. अख्ख्या कंपनीसाठी लायसन्स विकत घेणं म्हणजे ओपन सोर्स नव्हे. लायसन्सची मुदत संपली की पुन्हा पैसे भरा, आणि भाव समोरचा सांगणार. उलट 2014 चं धोरण नीट राबवलं असतं, तर आपल्या पैशाचा निबंध आपल्याकडेच कायमचा खुला राहिला असता. जगातलं बाकी संशोधन वाचायला वर्गणी लागेल, मान्य. पण वरुडच्या बागेतलं संशोधन वरुडच्या माणसाला वाचायला कसली वर्गणी?

शेवटी मी काय केलं? निबंधाच्या लेखकालाच ईमेल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत आली, सोबत चार ओळी: झाडाच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, आणि मामांना माझा फोन नंबर द्या.

त्या शास्त्रज्ञाला काही लपवायचं नव्हतंच. त्याने स्वतःहून जे एका माणसासाठी केलं, ते सगळ्यांसाठी आपोआप व्हावं, इतकंच 2014 चं धोरण म्हणत होतं. ते नव्याने लिहायचीही गरज नाही. फक्त पुढचा निधी देताना एक प्रश्न विचारायचा, मागचे निबंध कुठे ठेवलेत?

तुमचाही असा कुलूप लागलेल्या निबंधाचा अनुभव असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात.