नाचामागचे वाजवणारे

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत आपण काय बघतो? पाय बघतो, घागरे बघतो, परीक्षकांच्या भुवया बघतो. वाजवणारे कुठे बसलेत हे कुणी शोधत नाही, आणि शोधून सापडणारही नाहीत. बटण दाबलं की गाणं सुरू. त्या गाण्याला दम लागत नाही, ते चुकत नाही, आणि नाचणारीसाठी क्षणभर थांबतही नाही. मला लिहायचंय ते या न थांबण्याबद्दल.

आमच्या वडोदऱ्यापासून सुरुवात करते. 1880 साली सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या मराठा घराण्यातल्या राजकन्येशी झालं. त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आल्या, पण त्या एकट्या नाही आल्या. त्यांचे नट्टुवनार आणि वादकही आले. नट्टुवनार म्हणजे हातातल्या टाळांवर ताल धरून बोल म्हणणारा, नाचाची लगामच म्हणा ना. नर्तकी बोलवायची तर अख्खी साथ बोलवायची, यात कुणाला काही विशेष वाटलं नसणार. पीठ आणलं म्हणजे पाणी लागणारच!

त्या काळी दक्षिणेत हे साथीदार नर्तकीच्या पाठीमागे उभे राहून वाजवत, ती पुढे सरकली की तेही सरकत. पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यांना रंगमंचाच्या बाजूला बसवलं. बघायला ते नीटनेटकं झालं, यात शंका नाही. आपल्या संगीतबारीत मात्र ढोलकी, तबला, पेटी अजून मागेच असतात. लावणी करणारी वळून ढोलकीवाल्याकडे बघते, तो हसून एक तोडा वाढवतो, ती तो पायात घेते. हे आधी ठरलेलं नसतं. एकदा मागे, मग बाजूला, आणि टीव्हीवर तर चौकटीबाहेर. वादकांचा प्रवास असा झाला.

टीव्हीवरच्या या स्पर्धांचा मूळ धागा इंग्लंडचा. तिथली गोष्ट गमतीची आहे. व्हिक्टर सिल्व्हेस्टर हा 1922 चा बॉलरूम नृत्याचा जगज्जेता. नाचायला मिळणाऱ्या संगीतावर त्याचं समाधान होईना, म्हणून त्याने 1935 मध्ये स्वतःचाच बँड काढला. त्याचा आग्रह एकच, वेग तसूभरही हलता कामा नये. म्हणजे घड्याळासारखं संगीत नर्तकानेच मागितलं! पण ते वाजवणारी माणसं होती. बीबीसीने त्याचा नृत्याचा कार्यक्रम 1948 पासून टीव्हीवर दाखवला, आणि त्याच सुमारास 'कम डान्सिंग' ही मालिकाही आली.

वादकांचं पोट भरण्याचा प्रश्न तेव्हाही होताच. 1 ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंग करणंच बंद केलं. आपणच वाजवलेली तबकडी उद्या आपली जागा घेणार, हे त्यांना दिसत होतं. दोन वर्षांहून जास्त काळ ते अडून बसले. इंग्लंडात तर बीबीसीने दिवसाकाठी किती वेळ रेकॉर्ड वाजवायच्या यावर मर्यादाच होती. रेकॉर्डच्या सुईवरून तिला 'नीडल टाइम' म्हणत. ती 1988 पर्यंत टिकली. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. कंटाळवाणा असेल, पण शहाणपणाचा.

2004 मध्ये बीबीसीने जुन्या मालिकेला नवा साज चढवून 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' काढलं, तेव्हा नीडल टाइम संपून सोळा वर्षं झाली होती. रेकॉर्ड लावली असती तर कुणी अडवलं नसतं. तरी त्यांनी प्रत्यक्ष वाजवणारा वाद्यवृंद ठेवला. 2006 पासून त्याची धुरा डेव्ह आर्च यांच्याकडे आहे. मूळ चार मिनिटांचं गाणं दीडेक मिनिटात बसवायचं, कधी रॉकच्या गाण्याला दुसऱ्याच नाचाचा ठेका द्यायचा, प्रत्येक वाद्याची ओळ लिहायची, आणि पुढच्या आठवड्यात सगळं नव्याने. जोडपी आठवडाभर वेगळी तालीम करतात, आणि बँडशी गाठ पडते ती अगदी शेवटी. तरी दर वर्षी काही प्रेक्षकांची कुरकुर असतेच की गाणं 'ओरिजिनल'सारखं वाटलं नाही.

या कुरकुरीतच सगळं आलं, असं मला वाटतं. तबकडी ही एकेकाळी गाण्याची नक्कल होती. आता तबकडी अस्सल झाली आणि समोर गाणारा जिवंत माणूस नक्कल ठरला. कान कधी फिरले, कुणाला कळलंही नाही.

अमेरिकेत याची किंमत माणसांनी मोजली. तिथल्या 'डान्सिंग विथ द स्टार्स'मध्ये 2005 पासून हॅरॉल्ड व्हीलर यांचा ऑर्केस्ट्रा होता. 'ड्रीमगर्ल्स'सारख्या ब्रॉडवेच्या नाटकांचं वाद्यसंयोजन केलेला हा मोठा माणूस. सतरा पर्वांनंतर, 2014 च्या सुरुवातीला, त्यांना आणि त्यांच्या वादकांना निरोप दिला गेला. त्यांच्या जागी छोटा बँड, आणि जोडीला मूळ गाण्यांची रेकॉर्डिंग. कारण काय, तर तरुण प्रेक्षकांना ओळखीचं गाणं जसंच्या तसं हवं. संघटनेने निषेध केला, कार्यक्रम पुढे चालू राहिला.

आपल्याकडे? 1996 मध्ये 'बूगी वूगी' आलं, तेच मुळी रेकॉर्डवर. 2006 मध्ये बीबीसीच्या त्याच कार्यक्रमावरून 'झलक दिखला जा' बेतलं गेलं. परीक्षक आले, गुणांच्या पाट्या आल्या, झगमगते कपडे आले. वाद्यवृंद तेवढा आला नाही. ज्या देशात साथीशिवाय नर्तकी पाऊल टाकत नसे, त्या देशात! त्यांना काढावं लागलं, आपण बोलावलंच नाही. मग निषेध कोण करणार?

आपल्या बायकांना नीलांजनेची कथा सांगायला नको. ऋषभदेवांच्या सभेत नाचता नाचता तिचं आयुष्य संपलं, आणि इंद्राने तत्क्षणी तशीच दुसरी उभी केली. ताल तुटला नाही, सभेला पत्ताही लागला नाही. कळलं फक्त ऋषभदेवांना. वैराग्याचा भाग पुराणाचा, तो तिथेच राहू दे. मला राहून राहून आठवते ती बेसावध सभा.

आता कुणी म्हणेल, काकू, प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांचं परवडत नाही हो. इतक्या माणसांचं मानधन, त्यांची तालीम, त्यांचे माईक. ऐकून घेते. पण याच वडोदऱ्यात नवरात्रात मोठ्या मैदानांवर हजारो बायका-पोरी गोल धरतात, आणि गाणारे-वाजवणारे समोर जिवंत असतात. रात्र चढते तशी लय चढते. गोल दमलाय हे गायकाला वरून दिसतं, मग तो एखादं संथ पद घेतो, आणि आमच्यासारख्या पन्नाशीच्या बायका पदर खोचून पुन्हा आत शिरतात.