घोडनदीकाठी, इसवीसनापूर्वी

माघ सरत आलाय. तुम्ही घोड नदीच्या उजव्या काठावर उभे आहात आणि साल आहे इ.स.पू. १२००. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, इनामगाव ही नावं पडायला अजून खूप अवकाश आहे. मोबाईल खिशातच राहू द्या.

समोरचं जवाचं शेत कापणीला आलंय. कापणाऱ्या बाईच्या हातात लोखंडी विळा नाही. लाकडी मुठीत ओळीनं बसवलेली कॅल्सेडनी दगडाची पाती आहेत. लोखंड इथे कुणी पाहिलेलंच नाही आणि तांबं जपून वापरायचं. शेताच्या अंगानं पाट गेलाय, नदीचं पुराचं पाणी वळवून आणलेला, त्याला दगडमातीचा बांध. इथे जरा रेंगाळा. पाट आला की पाण्याची पाळी ठरवणारं, गाळ उपसायला माणसं गोळा करणारं कुणीतरी आलंच. या गावात कारभार आहे.

आता वस्तीत शिरा. चौकोनी घरं, बुटक्या मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. वाकून आत या. एका बाजूला धान्याचं पेव, दुसरीकडे कणगीसाठी केलेला मातीचा गोल ओटा. भिंतीशी लाल भांडं, त्यावर काळी रेघांची नक्षी, एका अंगाला तोटी. जोर्वे संस्कृतीची ओळख म्हणून पुढे पुस्तकांत छापलं जाईल ते हेच. आणि पाऊल सांभाळून टाका. त्या कोपऱ्यातली जमीन नुकतीच चोपलेली दिसते. तिच्याखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरली आहेत. आत या घरातलं तान्हं मूल आहे.

तीनशे वर्षं पुढे या, इ.स.पू. ९००. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्यात. मडकी घडवणारा हात ढिला पडलाय. धान्य उणावलंय आणि उकिरड्यावर हरणांची हाडं वाढलीत. कुणाला विचारायची सोय नाही, तुम्हाला त्यांची भाषा येत नाही.

म्हणून आता थेट १९७० च्या दशकात, डेक्कन कॉलेजच्या चरात उतरा. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून डझनभर हंगाम इथे खोदकाम केलं आणि शंभराहून अधिक घरं उजेडात आणली. त्या घरांतून मिळालेलं जळकं धान्य तपासलं मुकुंद काजळे यांनी. जळकी माती पाण्यात कालवली की कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. एक दाणा भिंगाखाली धरा. दोन्ही टोकांना निमुळता, पोटाला खाच, म्हणजे जव. गहू याहून गुबगुबीत. हा दाणा पुरता जळला असता तर राख झाली असती, कच्चा राहिला असता तर कुजला असता. चुलीशी कुणाचं तरी लक्ष चुकलं आणि तो होरपळून टिकला. सोबत मसूर, वाटाणा, कुळीथ. देशावरचं स्वयंपाकघर म्हणायला हरकत नाही, फक्त भाकरी जवाची.

ढवळीकरांनी या सगळ्याचा मेळ असा घातला: इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊसमान घटलं, शेती बसली, लोक शिकारीकडे आणि गुरांमागे भटकण्याकडे वळले आणि इ.स.पू. ७०० च्या आसपास गाव उठलं. दुष्काळ पाहिलेल्या मराठी माणसाला हे झटकन पटतं, आणि म्हणूनच इथे जरा सावध राहावं. घरांच्या जमिनीखालून निघालेल्या त्याच लहान मुलांची हाडं अभ्यासून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात सगळं खापर हवामानावर फोडण्याला आक्षेप घेतला.

मला त्यांच्या शंकेत दम वाटतो. झोपडीचा आकार आणि हरणाची हाडं लोक कसे जगत होते ते सांगतात. पाऊस किती पडला ते सांगत नाहीत. त्यासाठी पुरावा गावाबाहेरचा हवा, तळ्यांच्या गाळातला, गुहांमधल्या चुनखडीच्या थरांतला. शिवाय ज्यांनी पाट काढला होता त्यांना कमी पावसाचे दिवस नवे नव्हते. पाऊस हटला असेलही, पण एकट्या पावसाच्या नावावर ही फिर्याद टिकत नाही.