लग्नाचा खर्च आणि सुप्याचा जुना हिशेब

परवा आमच्या भावकीची बैठक झाली. विषय एकच. यंदाच्या लग्नसराईत डीजे, प्री-वेडिंग शूट आणि पाहुण्यांच्या सत्काराचे फेटे बंद. फक्त एका सीझनपुरते, जमलं तर पुढचं पुढे. मीही हात वर केला. तेवढ्यात एक निवृत्त साहेब उठून म्हणाले, "शेतकरी कर्जात बुडतो तो या लग्नांपायीच!" टाळ्या पडल्या. मला मात्र ते वाक्य खटकलं, कारण ते दीडशे वर्षं जुनं आहे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, आताच्या बारामती तालुक्यातलं. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. मिळेल तो कागद त्यांनी जाळला. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या काळच्या साहेब लोकांचंही ठरलेलं उत्तर होतं: कुणबी लग्नात पैसा उधळतो, म्हणून कर्जबाजारी होतो. आयोगाने हिशेब तपासले आणि लिहिलं, की या कारणाला नको तितकं महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च जास्त असतो हे खरं, पण असा प्रसंग क्वचित येतो. तो कर्जात भर घालतो, कर्जाची सुरुवात सहसा तिथून होत नाही.

मग सुरुवात कुठून? १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल तितकं कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी बंद झाली. त्यातच फेरमोजणीत कित्येक गावांचा सारा दीडपट-दुप्पट झाला, आणि तो रोखीतच भरायचा. व्याजाचं तर विचारूच नका. १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण आयोगासमोर आलं होतं. पुढे १८७९ ला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला तो यातूनच.

आता जोतीराव फुल्यांकडे बघा. सप्टेंबर १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, थाटमाट नाही, अगदी कमी खर्च. पण याच जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, शेतकरी लग्नात उधळतो म्हणून बुडतो, या म्हणण्याचा समाचार घेतला. म्हणजे आपल्या माणसांचा खर्च त्यांनी स्वतः कमी करून दाखवला, पण तोच मुद्दा सरकारला हात झटकायला वापरू दिला नाही.

मला हे जवळचं वाटतं. माझ्या बहिणीच्या लग्नाला वडिलांनी उसने पैसे काढले. मांडव एका दिवसात उतरला, फेड सात वर्षं चालली. तो खर्च टाळता आला असता, नक्कीच. पण त्या सात वर्षांतली तीन वर्षं कांदा मातीमोल गेला, ही गोष्ट कुणी उपदेश करताना सांगत नाही.

म्हणून बैठकीत मी एवढंच बोललो. एका सीझनची सुट्टी घेऊच. वाचलेला पैसा मुलीच्या शिक्षणाला, नाहीतर विहिरीच्या मोटारीला लागेल. पण सुरुवात ऐपतवाल्यांनी करायची. मोठ्याच्या दारात डीजे वाजला, की लहान माणूस कर्ज काढून वाजवतो. आणि ठरावाखाली दुसरी ओळही लिहायची: मालाच्या भावाबद्दल आणि खासगी व्याजाबद्दल बोलणं बंद होणार नाही.

साहेब गप्प बसले. यादीत पहिलं लग्न माझ्या पुतणीचं लिहिलंय. वहिनींची समजूत काढणं अजून बाकी आहे!

तुमच्या गावात असं काही ठरलंय का? आणि पहिलं नाव कुणाचं आहे? कळवा.