हेझेल, 29 मे 1985: भिंत कोसळेपर्यंतचे तास

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीहून मॅच बघायला जाणं आता अवघड राहिलेलं नाही. समृद्धी महामार्गाने नागपूर जवळ आलं, मुंबईही जवळ आली. पोरं वर्गणी काढतात, क्रूझर ठरवतात, मोबाइलवर तिकिटं काढतात आणि पहाटेच निघतात. तिकिटावर स्टँडचं नाव असतं, गेटचा नंबर असतो. त्या स्टँडची भिंत किती जुनी आहे, पलीकडे कुणाला बसवलंय, पळायची वेळ आली तर वाट कुठून आहे, यातलं काही त्यावर छापलेलं नसतं. परगावचा प्रेक्षक या सगळ्या बाबतीत दुसऱ्याच्या भरवशावर असतो.

बेल्जियममधल्या ब्रुसेल्स शहरात, हेझेल स्टेडियमच्या झेड विभागात, असाच भरवसा ठेवून आलेली 39 माणसं मेली. त्यातली 32 इटालियन होती. सामना युरोपियन कपच्या फायनलचा होता: इटलीचा युवेंतुस विरुद्ध इंग्लंडचा लिव्हरपूल. त्या दिवसाचा घटनाक्रम नीट लावून पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. अनर्थ टाळण्याची संधी एकदा नव्हे, अनेकदा आली होती.

काही महिने आधी

युरोपीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, फायनलसाठी हेझेल निवडलं. हे स्टेडियम 1930 सालचं. प्रेक्षकांनी उभं राहायच्या पायऱ्यांचं काँक्रीट जागोजागी फुटलेलं होतं. लिव्हरपूल क्लबचे पदाधिकारी पीटर रॉबिन्सन यांनी ही जागा योग्य नाही असं आधीच कळवलं होतं. जागा बदलली नाही.

पुढची चूक तिकीटवाटपात झाली. एका गोलमागच्या स्टँडचे एक्स, वाय आणि झेड असे तीन भाग होते. एक्स आणि वाय लिव्हरपूलच्या समर्थकांना दिले. युवेंतुसचे समर्थक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. झेड मात्र ‘तटस्थ’ बेल्जियन प्रेक्षकांसाठी राखून ठेवला. पण बेल्जियममध्ये तटस्थ कोण? 1946 च्या करारानंतर कोळशाच्या खाणींत काम करायला हजारो इटालियन तिथे आले आणि तिथलेच झाले. ब्रुसेल्समध्ये खुल्या विक्रीला निघालेली तिकिटं त्यांनी घेतली. काळ्याबाजारातून आणि एजंटांमार्फत काही तिकिटं थेट इटलीत पोचली. अशा रीतीने झेड विभाग युवेंतुसवाल्यांनी भरणार हे ठरून गेलं. लिव्हरपूलच्या गोटात आणि त्यांच्यात उरलं ते तारेचं हलकं कुंपण आणि थोडी मोकळी पट्टी.

29 मे, दुपार

बुधवार. ऊन पडलेलं. शहराच्या जुन्या चौकात दोन्हीकडचे समर्थक जमलेले, गाणी चाललेली, बिअर वाहत होती. दिवसभर पिऊन झालेली माणसं संध्याकाळी स्टेडियमकडे निघाली. आदल्या वर्षीच्या फायनलला रोममध्ये लिव्हरपूलच्या समर्थकांवर हल्ले झाले होते. तो राग काहींच्या मनात होता.

संध्याकाळी 7 च्या आधी

गेटवर तपासणी ढिली होती. बाहेरची भिंत पोकळ विटांची. काहींनी लाथा मारून तिला भगदाडं पाडली आणि तिकीट नसताना आत शिरले. बंदोबस्त दोन वेगळ्या पोलीस दलांकडे होता आणि त्यांच्यात ताळमेळ नव्हता. दोन्ही समर्थकांच्या मधल्या पट्टीत मोजके पोलीस उभे होते.

सामना सव्वाआठला सुरू व्हायचा होता. म्हणजे अजून तासाभराहून जास्त वेळ हातात होता. त्या मोकळ्या पट्टीत पोलिसांची रांग वाढवायला तेवढा वेळ पुरला असता.

7 वाजता

दगडफेक सुरू झाली. दगड बाहेरून आणावे लागले नाहीत. पायाखालच्या फुटक्या पायरीत हात घातला की काँक्रीटचा तुकडा निघत होता. देखभालीवर न झालेला खर्च आता माणसांच्या डोक्यावर येऊन आदळत होता.

साडेसातच्या सुमारास

लिव्हरपूलच्या गोटातल्या टोळक्यांनी कुंपण पाडलं, पोलिसांना मागे रेटलं आणि ती झेड विभागात घुसली. तिथे मारामारीला आलेली माणसं फारशी नव्हतीच. बापलेक होते, जोडपी होती, मित्रांचे घोळके होते. ती मागे सरली. मागे सरायला जागा एकाच बाजूला होती आणि त्या बाजूला भिंत होती.

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलेल्यांना हा अनुभव थोडाफार ठाऊक असतो: एका क्षणी आपले पाय आपल्या मर्जीने चालत नाहीत, रेटा नेईल तिकडे जायचं. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की असं होतं. छातीवर चारही बाजूंनी दाब येतो, श्वास आत घेता येत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून रेटा थांबत नाही.

मग भिंतीचा एक भाग कोसळला. भिंत अंगावर पडून माणसं मेली असं तेव्हा छापून आलं, आजही अनेकांचा तोच समज आहे. खरं उलट आहे. बहुतेक जण भिंत पडण्याआधीच, तिच्याशी चिरडून किंवा पायाखाली येऊन गुदमरले. भिंत पडल्यावर दाब कमी झाला आणि कित्येकांना बाहेर पडता आलं. त्या बाजूला उघडता येणारं रुंद दार असतं, तर भिंत फुटायची वेळच आली नसती.

सव्वाआठ (भारतात रात्रीचे पावणेबारा)

ठरलेली वेळ आली, पण खेळाडू मैदानात उतरले नाहीत. स्ट्रेचर कमी पडली, म्हणून लोखंडी कुंपणाचे तुकडे काढून त्यांवरून माणसं बाहेर नेली. मृतदेह स्टेडियमबाहेर ओळीने ठेवले आणि झाकायला काही नव्हतं म्हणून क्लबचे झेंडे नि फलक टाकले. मदतीची हेलिकॉप्टरं उतरू लागली तशी पात्यांच्या वाऱ्याने ते झेंडे उडून जाऊ लागले. जखमींचा आकडा सहाशेच्या घरात गेला.

दुसऱ्या टोकाच्या युवेंतुस समर्थकांना बातमी लागली, तसे तेही उठले. पोलिसांशी त्यांची झटापट बराच वेळ चालली.

9 वाजून 40 मिनिटं

सामना रद्द केला तर चिडलेली गर्दी रस्त्यावर येईल, आणखी रक्त सांडेल, या भीतीने खेळवायचं ठरलं. लिव्हरपूलचा फिल नील आणि युवेंतुसचा गाएतानो शिरेया या कर्णधारांनी लोकांना शांत राहण्याचं आवाहन केलं. दुसऱ्या अर्धात मिशेल प्लातिनीने पेनल्टीवर गोल केला. युवेंतुस 1–0 ने जिंकला. क्लबचा तो पहिला युरोपियन कप.

त्यानंतर

इंग्लिश क्लबांवर युरोपीय स्पर्धांची बंदी आली. ती 1990 साली उठली. लिव्हरपूलला आणखी एक वर्ष बाहेर राहावं लागलं. 1989 मध्ये ब्रुसेल्सच्या न्यायालयाने लिव्हरपूलच्या 14 समर्थकांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. ते योग्यच झालं. हल्ला त्यांनी केला, त्याचं उत्तर त्यांनी दिलंच पाहिजे. पण न्यायालय तिथे थांबलं नाही, हे जास्त मोलाचं आहे. बेल्जियन फुटबॉल संघाचे सचिव आल्बेर रूसेन्स आणि बंदोबस्ताची जबाबदारी असलेला पोलीस अधिकारी यांनाही शिक्षा झाली. पुढे युएफाचे सरचिटणीस हान्स बांगर्टर यांच्यावरही ठपका आला. जागा निवडणं, तिकिटं विकणं आणि बंदोबस्त लावणं ही माणसांच्या जिवाशी जोडलेली कामं आहेत, हे त्या निकालांनी मान्य केलं.

हे आपल्यापासून दूरचं नाही. 26 नोव्हेंबर 1995 रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर भारत–न्यूझीलंड एकदिवसीय सामना होता. दोन डावांच्या मधल्या वेळेत स्टँडची भिंत कोसळली आणि सामना बघायला आलेली माणसं मेली. तिथेही खेळ पुढे चालू राहिला आणि पूर्ण झाला. नेथन अ‍ॅस्टल आणि ख्रिस केर्न्सची शतकं अनेकांना आठवतात. गेलेल्यांची नावं त्यांच्या घरच्यांशिवाय किती जणांना आठवतात?

असं काही घडलं की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: ‘गर्दी अनावर झाली.’ हेझेलचा घटनाक्रम हे वाक्य खोटं ठरवतो. गर्दी येणार हे महिनोन् महिने आधी माहीत होतं. तिला बोलावणं धाडूनच आणलं होतं. जुनं मैदान निवडणं, झेडची तिकिटं खुली विकणं, मधली पट्टी अरुंद ठेवणं, दोन दलांना एकत्र न बसवणं: हे सगळे निर्णय टेबलावर, शांतपणे, भरपूर वेळ हाताशी असताना घेतलेले होते.

म्हणून लांब प्रवास करून सामन्याला जाणाऱ्याने स्टँडमध्ये शिरताच बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवाव्यात, दाटी वाढली की कुंपणाजवळ आणि भिंतीजवळ थांबू नये, लेकरू खांद्याशी घ्यावं. पण प्रेक्षकाची सावधगिरी तेवढ्यापुरतीच. नाशिकला पुन्हा कुंभ भरतोय. 2003 च्या कुंभात तिथेही 39 भाविक चेंगरून मेले होते. सामना असो की पर्वणी, वाटा किती, रुंदी किती, कुणाची रांग कुणाच्या शेजारी आणि आदेश कुणाचा चालणार, ही उत्तरं कागदावर आणि लोकांसमोर आधी यायला हवीत. ती मागण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि ती मिळेपर्यंत तिकीटविक्री सुरू करण्याचा हक्क कुठल्याही संयोजकाला नाही.