पेटी आपल्या घरात, किल्ली दुकानदाराकडे



बचत गटाची पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या कमरेला, ही पद्धत आपल्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक आहे. त्यात शहाणपण आहे, कारण पेटीही आपली आणि किल्लीवालीही आपल्यातलीच. पण समजा, पेटी तुमच्या घरात आहे, आतला माल तुम्ही पैसे मोजून घेतलेला आहे, आणि किल्ली मात्र दुकानदाराने स्वतःकडेच ठेवली, तर? आणि उद्या त्याने दुकानच बंद केलं, तर?

वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि युरोपात गाण्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. आज आम्ही त्याच कुलूपबंद गाण्यांची हकिगत सांगणार आहोत.

आधी आपल्याकडचा कॅसेटचा जमाना आठवा. दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दुकानदार गाणी भरून द्यायचा. ते सगळं कायद्याला धरून होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण एक होतं, कॅसेटवरून कॅसेट केली की आवाज बसायचा, खरखर वाढायची. तिसऱ्या-चौथ्या कॉपीला गाणारी बाई आहे की बुवा तेही कळेना. कॉम्प्युटरमधल्या गाण्याचं तसं नाही. त्याच्या हजार कॉपी काढा, हजारावी पहिलीसारखीच. गाण्याच्या कंपन्यांना धडकी भरली ती यामुळे.

१९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजच्या मुलाने नॅपस्टर नावाची सोय सुरू केली. इंटरनेटवरून लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरमधली गाणी फुकट घेऊ लागले. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं. तसल्या दुसऱ्या सोयी मात्र चालूच राहिल्या. मग सप्टेंबर २००३ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने सरळ माणसांवरच खटले भरले, पहिल्या फेरीत २६१ जणांवर. त्यात न्यूयॉर्कमधली १२ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पुढे मिनेसोटा राज्यातल्या एका बाईला २४ गाण्यांसाठी २,२२,००० डॉलर भरायचा निकाल २००७ मध्ये लागला. तो खटला नंतर कितीतरी वर्षं चालला. मुद्दा हा की घरोघरच्या आयाबाया घाबरल्या आणि मुलांना सांगू लागल्या, फुकटचं नको रे बाबा, विकत घे.

विकत घ्यायची सोयही तेव्हाच झाली होती. २८ एप्रिल २००३ रोजी अॅपल कंपनीने आयट्यून्स हे गाण्यांचं दुकान इंटरनेटवर उघडलं. एक गाणं ९९ सेंटला, म्हणजे डॉलरला एक सेंट कमी. पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी विकली गेली. मायक्रोसॉफ्ट, याहू, वॉलमार्ट अशा बड्या कंपन्यांचीही दुकानं पुढे आली. पण कंपन्यांनी गाणी विकायला दिली ती एका अटीवर: प्रत्येक गाण्याला कुलूप हवं.

हे कुलूप म्हणजे काय? गाणं कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं असतं ते आकड्यांच्या रूपात. ते आकडे अशा रीतीने उलटेपालटे करून ठेवायचे की योग्य किल्ली असल्याशिवाय ते वाजूच नयेत. ही किल्लीही आकड्यांचीच, आणि ती द्यायची की नाही हे दुकानदाराच्या हातात. नवा कॉम्प्युटर घेतला की दुकानाकडे किल्ली मागायची, मगच जुनी गाणी त्यावर वाजणार. आयट्यून्सचं गाणं सुरुवातीला तीन आणि २००४ पासून पाच कॉम्प्युटरवर चालायचं. शिवाय अॅपलचं गाणं मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीच्या प्लेअरवर वाजत नसे, आणि त्यांचं यांच्यावर वाजत नसे. एका कंपनीचा डबा घेतला की झाकणही तिचंच घ्या, तसा प्रकार.

यातून बाहेर पडायची एक वाट मात्र उघडी होती. ती होती सीडीची.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून तयार केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. घराघरातल्या कॉम्प्युटरवर गाणी उतरवून घेता येतील, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणून गाण्याच्या सीडीचे जे नियम ठरले त्यात कुलपाला जागाच नव्हती. जगातल्या कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजायची असेल तर सीडीवर गाणं उघडंच हवं. आणि गाणं विकत घेतलेल्या माणसाला ते गाडीत, स्वयंपाकघरातल्या टेपवर ऐकायचं असणार, म्हणून दुकानांनी स्वतःच सीडी करायची परवानगी दिली होती. आयट्यून्समध्ये गाण्यांची एक यादी तशीच्या तशी आधी दहा वेळा आणि २००४ नंतर सात वेळा सीडीवर उतरवता यायची.

आपल्याकडे याला 'सीडी राइट करणं' किंवा 'सीडी मारणं' म्हणायचे. इंग्रजीत मात्र याला 'बर्न', म्हणजे जाळणं, म्हणतात, आणि ते अगदी खोटं नाही. कोऱ्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो. लेसरचा बारीक किरण तो थर जागोजागी तापवतो आणि तिथे खुणा उमटतात. त्या खुणा म्हणजेच गाणं.

लोक करायचे ते असं. विकत घेतलेली गाणी कॉम्प्युटरवर निवडायची, कोरी सीडी घालायची आणि गाण्याची साधी सीडी तयार करायची. एका सीडीवर ८० मिनिटं मावतात, म्हणजे चार-चार मिनिटांची वीस गाणी. मग तीच सीडी पुन्हा कॉम्प्युटरमध्ये घालून गाणी एमपीथ्री या साध्या पद्धतीत उतरवून घ्यायची. या गाण्यांना कुलूप नाही. नवा कॉम्प्युटर असो, दुसऱ्या कंपनीचा प्लेअर असो, ती कुठेही वाजणार. पाचशे गाणी असली तर पंचवीस सीड्या लागायच्या. म्हणून काही जण पुसून परत वापरता येणारी सीडी घेत आणि तीच पुन्हा पुन्हा भरत.

यात आवाजाचं थोडं नुकसान व्हायचं. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. चार मिनिटांचं डाउनलोड केलेलं गाणं साधारण चार एमबी जागा घ्यायचं. तेच सीडीवर गेलं की चाळीस एमबीच्या वर. डाउनलोडमध्ये ते लहान केलेलं असतं, आणि लहान करताना कानाला फारसे न जाणवणारे बारीक आवाज टाकून दिलेले असतात. सीडीवर गाणं पुन्हा फुगतं, पण टाकलेलं काही परत येत नाही. त्यावरून एमपीथ्री केलं की आणखी थोडं टाकलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. शिवाय गाण्यांची नावं बहुतेक वेळा पुसली जायची. कॉम्प्युटर नुसतं 'ट्रॅक १, ट्रॅक २' दाखवायचा, नावं हाताने भरावी लागायची. वेळखाऊ काम होतं, पण विकत घेतलेली गाणी हातची जाऊ नयेत म्हणून लोक करत.

कुलूप परस्पर तोडणारी सॉफ्टवेअरही निघाली होती. पण अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं कुलूप तोडायलाच मनाई आहे, आतलं गाणं तुम्ही विकत घेतलेलं असलं तरी. म्हणून ज्यांना भानगड नको होती त्यांना सीडीची वाट बरी वाटली.

सीडीलाच कुलूप लावायचे प्रयत्नही झाले, आणि ते कंपन्यांच्या अंगाशी आले. २००२ मध्ये अशा काही सीड्यांच्या कडेला साध्या मार्कर पेनाने रेघ ओढली की कुलूप निकामी होतं, असं उघड झालं. २००५ मध्ये सोनी बीएमजीने तर ५२ अल्बमच्या सीड्यांमध्ये एक सॉफ्टवेअर घातलं. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की ते आत शिरून लपून बसायचं, आणि त्याच्या आडोशाला दुसरे व्हायरसही लपू शकायचे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ते शोधून जगापुढे मांडलं आणि कंपनीला त्या सीड्या परत घ्याव्या लागल्या. आम्हाला यात एक गोष्ट खटकते. हा त्रास झाला तो दुकानात जाऊन पैसे देऊन सीडी घेणाऱ्याला. फुकट घेणाऱ्याला काहीच झालं नाही.

२००८ साल उजाडलं आणि खरी गंमत, खरं तर चटका, तेव्हा बसला. मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएसएन म्युझिकच्या गिऱ्हाइकांना एप्रिलमध्ये कळवलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या कॉम्प्युटरसाठी किल्ली मिळणार नाही. जुना कॉम्प्युटर चालतोय तोवर गाणी चालतील, तो बिघडला की संपलं. लोक इतके चिडले की कंपनीला ती मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवावी लागली. पाठोपाठ याहूने सांगितलं, ३० सप्टेंबरला किल्ल्या बंद. तिथेही ओरड झाली, तेव्हा भरपाई देऊ केली. मग वॉलमार्टने ९ ऑक्टोबरची तारीख दिली आणि ऐनवेळी माघार घेतली. पण त्याआधी वॉलमार्टने गिऱ्हाइकांना काय सल्ला दिला होता? गाणी सीडीवर उतरवून ठेवा! म्हणजे कुलूप लावून माल विकणारा दुकानदारच शेवटी सांगतो, मागच्या दाराने माल बाहेर काढून घ्या. ज्यांनी आधीच सीड्या करून ठेवल्या होत्या ते निवांत होते.

नॉर्वे देशात मात्र लोकांनी दुकान बंद व्हायची वाट पाहिली नाही. तिथल्या ग्राहक परिषदेने जानेवारी २००६ मध्येच आयट्यून्सविरुद्ध तक्रार केली, की विकलेलं गाणं एकाच कंपनीच्या यंत्राला बांधून ठेवणं ग्राहकावर अन्याय आहे. दबाव वाढत गेला. फेब्रुवारी २००७ मध्ये अॅपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी जाहीर पत्र लिहून कंपन्यांनाच विचारलं, की २००६ मध्ये तुम्ही सीडीवर २० अब्जांहून जास्त गाणी कुलपाशिवाय विकलीत, मग इंटरनेटवरच्या दोन अब्जांनाच कुलूप कशाला? प्रश्न बिनतोड होता, जरी चार वर्षं त्याच कुलपावर त्यांचं दुकान चाललं होतं.

त्याच वर्षी ईएमआय कंपनीने गाणी बिनकुलपाची केली, अॅमेझॉनने तसंच दुकान काढलं, आणि जानेवारी २००९ मध्ये आयट्यून्सनेही गाण्यांची कुलपं काढायचं जाहीर केलं. मात्र आधी घेतलेल्या गाण्याचं कुलूप काढून हवं असेल तर गाण्यामागे ३० सेंट वेगळे. एकदा विकलेल्या मालाची किल्लीही विकली.

आपल्या देशात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीत कुलपाचं कलम आलं, ६५ अ. दुसऱ्याचा हक्क बुडवायच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी मात्र हे कलम आड येत नाही, एवढी सवलत आपल्याकडे ठेवली आहे.

आता गाणी मोबाइलच्या अॅपवर ऐकतात. तिथे महिन्याचे पैसे भरून 'डाउनलोड' केलेलं गाणं त्या अॅपच्या आतच कुलपात असतं. पैसे भरणं थांबलं की ते वाजत नाही. ते भाडं आहे, खरेदी नव्हे, आणि भाडं म्हणूनच घेतलं तर त्यात वाईट काही नाही.

आपल्या केंद्रावर गटांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि मंगळागौरीची गाणी आम्ही एमपीथ्रीमध्येच ठेवतो, कुलूप नाही. ज्या गटाचं गाणं असेल त्या गटाने येताना मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह आणावा, भरून देऊ. आणि घरी गेल्यावर त्याची आणखी एक कॉपी दुसऱ्या मैत्रिणीकडे ठेवा, कार्डं फार लवकर खराब होतात.