‘जातिवंत’ या शब्दाची जबाबदारी

काही महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरातील एका रहदारीच्या रस्त्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात कुत्र्याची चार पिल्ले विकावयास ठेवलेली आम्ही पाहिली. विक्रेता ती ‘एकदम जातिवंत’ असल्याची ग्वाही देत होता. पिल्लांची आई कोठे आहे, असे विचारताच ती गावाकडे असल्याचे त्याने सांगितले. गाव कोणते, हे मात्र त्याला सांगता आले नाही. डोळे नुकतेच उघडलेल्या त्या पिल्लांकडे पाहताना आमच्या मनात आले, की ‘जातिवंत’ या शब्दामागे उभे राहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु त्याला इतिहास आहे, आणि तो मराठवाड्याच्या वाटेनेच जातो.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा इ. स. ११२९ च्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे, तो मुख्यतः त्यात सापडणाऱ्या आरंभीच्या मराठी पद्यपंक्तींमुळे. त्याच ग्रंथातील विनोदांच्या प्रकरणांत ‘सारमेयविनोद’ही आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. राजाच्या शिकारी कुत्र्यांचा विचार तेथे स्वतंत्र विषय म्हणून झालेला आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये कुत्रा पारखणे ही एक विद्या होती. ती मुख्यतः डोळ्यांची विद्या होती: अंगलक्षणे पाहायची आणि शिकारीत जनावर कसे उतरते ते तपासायचे.

राजदरबाराबाहेर ही विद्या कोणी लिहून ठेवली नाही, पण ती टिकली. लातूर-धाराशिवकडच्या गावांतून आजही ‘कारवानी’ आणि ‘पश्मी’ ही नावे ऐकू येतात. लांबट अरुंद तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि नजरेच्या टप्प्यात आलेल्या सशामागे धावणारे पाय, हे कारवानीचे रूप. कानांवर व शेपटीवर लांब केस असलेला तो पश्मी. फारसीत ‘पश्म’ म्हणजे लोकर. व्यापारी तांड्यांबरोबर हे कुत्रे पश्चिम व मध्य आशियातून दख्खनमध्ये आले, असे मानले जाते. त्यांची वंशावळ कागदावर नव्हती. अमुक कुत्री अमक्याची, तिच्या आईने अमक्या माळावर ससा धरला, अशी ती लोकांच्या स्मरणात असे. पिल्लू देणारा आणि घेणारा एकाच पंचक्रोशीतले असत. पिल्लू निकृष्ट निघाले, तर देणाऱ्याला तोंड लपवायला जागा नसे. जबाबदारी या शब्दाचा तेथे हाच अर्थ होता.

याच कुळातील कुत्र्याला राजाश्रय मिळाला तो मुधोळ संस्थानात. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. स्थानिक शिकारी लोकांकडचे हे कुत्रे मालोजीराव घोरपडे यांच्या नजरेस आले, त्यांनी त्यांची निगुतीने पैदास करविली आणि पंचम जॉर्ज बादशहास एक जोडी नजर केली, असे सांगितले जाते. पुढे या कुत्र्याला ‘मुधोळ हाउंड’ हे नाव चिकटले. गंमत अशी, की केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद ‘कॅरव्हॅन हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. एक नाव वाटसरूंची आठवण ठेवते, दुसरे संस्थानिकांची. २००५ साली हा कुत्रा टपाल तिकिटावर आला, आणि २०२० साली कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम व चिप्पिपराई यांच्याबरोबर त्याची अधिकृत देशी जात म्हणून नोंद केली.

दरम्यान जगात दुसरी एक प्रथा रूढ झाली होती. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली वंशनोंदवही निघाली. आता जनावराची थोरवी माळावर नव्हे, वहीत ठरू लागली. वहीचा लाभ निःसंशय आहे. अनोळखी माणसालाही तिच्यामुळे चार पिढ्या मागे पाहता येते. परंतु वही बंदिस्त झाली, की रक्तही बंदिस्त होते. जवळच्या नात्यात पुनःपुन्हा जोड लावल्याने रूप पक्के होते, तसे दोषही पक्के होतात. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट घडली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची कसोटी उरली नाही. ही बंदी योग्यच होती. परंतु जुनी परीक्षा तिच्याबरोबर गेली आणि तिच्या जागी पुष्कळदा केवळ कागद आला, कधी तोही नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. हस्तलिखित पोथी हाती आली, की ‘ही मूळ प्रत आहे’ या मालकाच्या शब्दावर आपण विश्वास ठेवत नाही. ती कोणी, कधी, कोणत्या प्रतीवरून उतरविली, ते विचारतो. मूळ प्रत पाहायला मिळेल का, असे विचारतो. चांगला लेखनिक पुष्पिकेत आपले नाव, शक आणि चुकीची क्षमायाचना लिहून ठेवतो. चांगला पैदासकारही असाच ओळखावा.

तो पिल्लाआधी आई दाखवितो, तीही तिच्या नेहमीच्या जागी. ती माणसाला भिऊन कोपऱ्यात दडते, की शेपूट हलवीत पुढे येते, यावरून पुष्कळ कळते. बाप कोण, दोघांचे नाते काय, घराण्यात कोणता आजार आहे, हे तो न विचारता सांगतो. २०१७ साली केंद्र सरकारने श्वानपैदास व विक्रीसंबंधी नियम केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, अठरा महिने पुरे झाल्याखेरीज कुत्रीला जोड लावता येत नाही, वर्षातून एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. नियमांची ही भाषा रुक्ष आहे. पण तिच्या केंद्रस्थानी पिल्लू नसून आई आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जबाबदार पैदासकाराची आणखी एक खूण कायद्यात सापडणार नाही. तो गिऱ्हाइकाला प्रश्न विचारतो, घर पाहतो, प्रसंगी नकार देतो, आणि न जमल्यास पिल्लू परत घेण्याचे वचन देतो. जो कोणालाही, कधीही, कितीही पिल्ले देण्यास तयार असतो, तो व्यापारी असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठीत कुत्र्याच्या वाणाला आणि माणसाच्या जन्मजात श्रेणीला एकच शब्द आहे: जात. ‘अस्सल’, ‘खानदानी’, ‘शुद्ध रक्ताचा’ ही विशेषणे एका क्षेत्रातून दुसऱ्यात नकळत सरकतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्था रक्तशुद्धीसाठी आहे, हा दावा खोडून काढला; शुद्ध वंश जगात कोठेच नाही, याकडे लक्ष वेधले. ज्या शहरात त्यांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले, त्या शहरात राहून हा विसर पडू देणे आम्हांला शोभणार नाही. कारवानी कुत्र्याची कथाही हेच सांगते. तो तांड्यांबरोबर आला, येथल्या मातीत मिसळला, शिकाऱ्यांनी जपला, संस्थानिकांनी मिरविला. त्याचे मोल शुद्धतेत नव्हते, निगराणीत होते.

म्हणून ‘जातिवंत आहे का?’ हा प्रश्न आम्हांला अपुरा वाटतो. ‘याला कोणी वाढविले, आणि उद्या तो माणूस आपल्याला सापडेल का?’ हा प्रश्न अधिक खरा आहे. खोक्यातल्या त्या पिल्लांबाबत दोन्हींची उत्तरे नव्हती. त्यांची आई कोठेतरी पुढच्या वेताची वाट पाहत असेल. तिच्याविषयी मात्र कोणी काही विचारले नव्हते.