वर चला

रविवार, २६ डिसेंबर २००४. सकाळचे आठ वाजायला दोन मिनिटं आहेत. तुम्ही सुमात्राच्या पश्चिमेला, सिमेउलुए बेटावरच्या लांगी गावात आहात. पुढे समुद्र, मागे टेकडी, मधे घरं.

जमीन हलते. आता थांबेल, मग थांबेल म्हणता म्हणता मिनिटं जातात. उठायला जाता आणि पुन्हा गुडघ्यांवर येता. भिंतींपासून, माडांपासून दूर, उघड्यावरच बसून राहा. हादरा ओसरतो तोच कुणीतरी ओरडतं, ‘स्मोंग! स्मोंग!’ (इथल्या बोलीत त्सुनामी), आणि अख्खं गाव समुद्राकडे पाठ फिरवतं.

तुम्हाला मात्र जरा किनाऱ्यावर डोकावून यावंसं वाटतंय. एक म्हातारी तुमचं मनगट धरून खेचते. “तिकडे काय बघायचंय? वर चला!” १९०७ साली असाच हादरा बसला, पाणी मागे हटलं, उघड्या तळावर मासे तडफडू लागले. वेचायला गेलेली माणसं परतली नाहीत. तेव्हापासून गाण्यांतून, गोष्टींतून हे इथल्या पोरांच्या कानांवर पडत आलंय.

सवयीने तुमचा हात फोनकडे जातो. सोडा तो नाद. हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा अजून उभीच राहिलेली नाही, आणि असती तरी लाट आठेक मिनिटांत येणार आहे. (१९४५ साली आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची लाट मुंबईला पोहोचायला काही तास लागले होते; तिथे इशाऱ्याला अर्थ आहे. इथे हादरा हाच भोंगा.) सामान राहू द्या. होडीही राहू द्या. कुणाचं पोर मागे रेंगाळत असेल तर कडेवर घ्या आणि चढा.

लाट दहा मीटरहून उंच आहे. घरं पायांसकट उचलली जातात. मग पाणी ओसरतं, आणि खरा मोह आता पडतो: चटकन खाली जाऊन काय वाचलंय ते बघावं. बसा गपचूप. पुढची लाट पहिलीहून मोठी असू शकते, आणि लाटा तासन्‌तास येत राहतात. उतराल तेव्हा फळ्यांतले खिळे सांभाळा; विहिरीचं पाणी तोंडाला लावू नका.

लांगीत सुमारे आठशे माणसं होती, सगळी वाचली. बेटावरच्या जवळपास ७८,००० पैकी सात गेली. पलीकडे सुमात्रावर, आचे प्रांताच्या मुख्य भूमीवर मृतांचा आकडा लाखाच्या वर गेला.

२८ मार्च २००५ ला रात्री अकराच्या सुमारास बेट पुन्हा हादरलं, ८.६ तीव्रतेने. लोक अंधारातच टेकड्यांकडे निघाले.